हास्यक्लबची तर्री

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात शिकलेलं घरी येऊन सगळ्यांना शिकवायचं कामही माझ्याकडेच आलं. (ते मला कुणी दिलं नव्हतं.)

आम्ही मूळचे वर्धा जिल्ह्यातले. बाबांनी पुण्यात येऊन आधी एका कारखान्यात काम केलं, मग दुसऱ्यात, आणि तिसरा कारखाना बंद पडल्यावर खडकी स्टेशनजवळ तर्री पोह्यांची गाडी टाकली. तर्री म्हणजे काय, हे पुण्यात एकदा समजावून सांगावं लागतं. हरभऱ्याचा झणझणीत रस्सा करायचा. तो शिजून जरा स्थिर झाला की वर लालभडक तेलाचा जाड थर येतो. ती तर्री. खाली रस्सा असतो, रश्शात हरभरे असतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. पुण्यातला माणूस पोह्यांवर ओलं खोबरं घालतो, लिंबू पिळतो आणि "छान झालेत" म्हणतो. आमचे पोहे खाल्ल्यावर माणूस थोडा वेळ काही म्हणूच शकत नाही. तो रुमाल शोधत असतो.

तर्री आईच्या हातची. त्यात अर्धं साधं तेल आणि अर्धं वनस्पती तूप. "वनस्पतीशिवाय तर्रीले तेज येत नाई," असं आईचं म्हणणं. थंडीच्या दिवसांत दुपारी पातेलं घरी परत आलं की कडेला तर्रीचा केशरी थर गोठलेला असायचा. तो मी पोळीने पुसून खायची. "भांडं घासायला सोपं जातं," असं मी आईला सांगायची, आणि ते खरंही होतं.

पहिल्या वर्षाला मी आहारशास्त्र घेतलं. वर्गात मी मागच्या बाकावर बसायची आणि शंका विचारायला मला भीती वाटायची. सगळ्यांच्या शंका इंग्रजीत असायच्या. म्हणून मी मॅडम बोलतील ते सगळं लिहून घ्यायची, आणि बसमध्ये स्वारगेटपासून खडकीपर्यंत पाठ करायची. संपृक्त स्निग्धाम्लं, असंपृक्त स्निग्धाम्लं. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलंही, "कसलं स्तोत्र आहे हो हे?"

एके दिवशी मॅडमनी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत जवसाचं तेल, दुसरीत वनस्पती तूप. दोन्ही वाट्या फ्रीजमधून काढलेल्या. जवसाचं तेल वाटी तिरकी केली की इकडून तिकडे वाहायचं. वनस्पती मात्र वाटी पूर्ण उलटी केली तरी जागचं हललं नाही.

"थंडीत गोठतं त्यात बहुतेक वेळा संपृक्त स्निग्धाम्लं जास्त," मॅडम म्हणाल्या. "आता हे तूप असंच्या असं जाऊन रक्तवाहिनीत बसतं, असं समजू नका. अशा आहाराने रक्तातलं नको ते कोलेस्टेरॉल वाढतं, आणि मग वर्षानुवर्षं वाहिनीच्या भिंतीत थर साचत जातो."

हे सगळं मी लिहून घेतलं. डोक्यात मात्र ती उलटी केलेली वाटीच राहिली. अख्ख्या वाटेत मला बाबा दिसत होते. बाबा रोज सकाळी गिऱ्हाइकांच्या आधी स्वतः एक प्लेट खायचे. वर दुप्पट तर्री. म्हणायचे, "आपण खाल्लं नाई तर लोकायले कसं द्यावं?"

घरी पोचल्यावर मी गॅसच्या जुन्या नळीचा तुकडा घेतला, त्यात बोटाने वनस्पती तूप भरलं आणि बाबांसमोर धरला.

"बाबा, ही तुमची रक्तवाहिनी."

बाबांनी चष्मा लावला. नळीतून एका डोळ्याने पाहिलं. "काईच दिसत नाई."

"तेच तर! रक्त कुठून जाणार?"

"हे माह्या आंगात हाये?" बाबा खरंच घाबरले.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या आंगात नाई, नळीत हाये. रोशनी, ते तूप वाया घालवू नको, काढून डब्यात टाक."

बाबांची तपासणी करून घेऊ, असं मी रोज म्हणायची आणि बाबा रोज "रविवारी पाहू" म्हणायचे. रविवारी गाडीवर गर्दी असते. त्यामुळे तो रविवार काही येईना.

आला तो दुसराच रविवार.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि खाली घरमालक आगाशेकाका राहतात. मूळचे पेठेतले, खडकीच्या कारखान्यात हिशेबनीस होते, निवृत्त झाले. काका सगळ्यांना "आपण" म्हणतात, पण ते ऐकून आपल्याला बरं वाटेलच असं नाही. पलीकडच्या बागेत रोज सकाळी भरणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या हास्यक्लबचे ते अध्यक्ष. (काकांना हसताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. ते हसवून घ्यायचे.)

एका संध्याकाळी काका जिना चढून वर आले. आम्ही सगळे उभे राहिलो, कारण काका वर आले की काहीतरी गळत असतं.

"बसा, बसा. तक्रार नाही," काका म्हणाले. "रविवारी आमच्या क्लबचा वर्धापनदिन आहे. दरवर्षी उपमा असतो. यंदा सभासदांनी उठाव केला आहे. त्यांना आपले ते तर्री पोहे हवे आहेत. जमेल का आपल्याला?"

बाबा दाराकडे पाहू लागले. आई दारामागून म्हणाली, "जमते म्हणा ना."

"जमते," बाबा म्हणाले.

"आवडले तर दर रविवारी क्लबचा नाश्ता आपल्याकडेच. नाही आवडले तर उपमा आहेच. तो कुणालाच आवडत नाही, पण त्याच्याबद्दल तक्रारही नसते."

काका गेल्यावर बाबा बराच वेळ खाटेवर बसून होते. इतकी वर्षं बाबांना लोक "ए पोहेवाले" म्हणत आले. "जमेल का आपल्याला" असं कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा पांढरा एप्रन आणला, आणि घालून आरशात पाहिला. आईला म्हणाले, "एकदा का दर रविवारचं बसलं, तं मंग उन्हातानात गाडी ढकलाची गरज नाई. आर्डरीवरच धकते."

मला बाबांचा आनंद दिसत होता. पण मला बागेतले ते आजी-आजोबाही दिसत होते. कुणाची अँजिओप्लास्टी झालेली, कुणाच्या खिशात जिभेखालची गोळी. या मंडळींना आईची तर्री? आणि काही झालं तर? नाव कुणाचं येणार? बाबांचं. मी आईला शनिवारी भीत भीत म्हटलं, "आई, या वेळी तर्री कमी केली तर?"

"मंग त्याले तर्री पोहे कायले म्हणाचं?" आई म्हणाली. विषय संपला.

म्हणजे आईच्या बाजूने संपला.

रविवारी पहाटे थंडी चांगली होती. आईने मोठ्या पातेल्यात रस्सा करून ठेवला आणि ती आंघोळीला गेली. बाबा शेगडी घेऊन बागेत पुढे गेले. स्वयंपाकघरात मी आणि तर्री, दोघीच. झाकण उघडलं तर वर बोटभर जाड लाल थर. मला ती उलटी वाटी आठवली. मी पळी घेतली आणि अलगद, खालचा रस्सा न ढवळता, तर्री काढायला सुरुवात केली. आधी वाटलं, थोडीच काढू. पण थोडी काढली की उरलेली जास्तच दिसायची. शेवटी एक कढई भरली आणि पातेल्यात वर एक ठिपका राहिला नाही.

आता या कढईचं काय करायचं? घरात ठेवली तर आईला दिसणार. मी कढई मोरीत ओतली. कुणाच्या पोटात जाण्यापेक्षा मोरीत गेलेली बरी, असा अगदी स्वच्छ विचार केला, आणि कढईला तर्रीचा वास राहू नये म्हणून वरून बादलीभर गार पाणी सोडलं.

(गार पाणी. दोन वाट्यांचा धडा पाठ असलेल्या मुलीने.)

मग पातेल्यावर झाकण ठेवून त्याला फडकं घट्ट बांधलं. आई बाहेर आली आणि बांधलेलं पातेलं पाहून म्हणाली, "शहाणी झाली वं माही पोरगी." नंतर तिने त्याच मोरीत सगळ्यांचे पोहे धुतले. आणखी कितीतरी गार पाणी, आणि पोह्यांचा चुरा.

बागेत मंडळी रांगेने उभी होती. कानटोप्या, स्वेटर, पांढरे बूट. हसून झालं होतं, त्यामुळे सगळे गंभीर होते. बाबा नव्या एप्रनमध्ये टेबलामागे उभे होते. आईने प्लेटांत पोहे वाढले आणि बाबांनी मोठ्या ऐटीत फडकं सोडून झाकण उचललं.

बाबा पातेल्यात पाहत राहिले. मग पळीने ढवळलं. मग पुन्हा पाहिलं.

"अवं," ते आईला हळूच म्हणाले, "तर्री कुठं गेली?"

आईने वाकून पाहिलं. पातेल्यात फिकट तपकिरी पाणी आणि त्यात हरभरे. "म्या तं केली होती," ती म्हणाली. "बाप्पा, म्या माह्या हातानं केली होती."

रांगेतल्या पहिल्या आजोबांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"हरभऱ्याचा काढा दिसतो," मागून आगाशेकाका म्हणाले. "सर्दीवर बरा असेल."

आता बोलणं भाग होतं. मी पुढे झाले. वर्गात कधी हात वर केला नव्हता, तो इथे वर केला. "तर्री मी काढली. त्यात वनस्पती तूप असतं. त्यातली संपृक्त स्निग्धाम्लं... म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या रक्तवाहिन्या..."

पुढचं वाक्य पाठ होतं, पण आलं नाही.

"बाळ," एक आजी म्हणाल्या, "तुला आमच्या सुनेने पाठवलंय का?"

"आम्ही घरी रोज ओट्स खातो," पहिले आजोबा म्हणाले. "महिनाभर या दिवसाची वाट पाहिली. काल रात्री जेवलोही कमी."

"मी तर मुलाला खोटं सांगून आलोय," कानटोपीतला एक आवाज.

हास्यक्लबमध्ये अशी शांतता पहिल्यांदाच पडली असावी. बाबांनी पळी पातेल्यात ठेवली आणि एप्रनला हात पुसले. एप्रन स्वच्छच होता, पुसण्यासारखं काही नव्हतं. ते पाहून मला पातेल्यात उडी मारावीशी वाटली.

आई मात्र कामाची. "जे झालं ते झालं. रोशनी, पळत जा आन् घेऊन ये. कुठं ठेवली?"

"काय?"

"तर्री वं. कशात ठेवली काढून?"

मी उत्तर द्यायच्या आत आगाशेकाकांचा फोन वाजला. काकूंचा होता. काकू फोनवर बोलल्या की फोन कानाला लावावा लागत नाही. सगळ्या बागेने ऐकलं.

"अहो, ताबडतोब घरी या. नळ सोडला तर बेसिनमधून पाणी खाली जाण्याऐवजी वर येतंय. आणि लाल आहे. मला तर मेलं तिखटाचा वास येतोय, डोळे चुरचुरताहेत."

काकांनी फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "आपली तर्री," ते म्हणाले, "आमच्याकडे पोचलेली आहे."

घर बागेच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे अख्खा हास्यक्लब आला. इतक्या सकाळी नाश्त्याऐवजी निदान काहीतरी पाहायला मिळतंय, असा त्यांचा हिशेब असावा. काकूंचं बेसिन काठोकाठ भरलं होतं आणि वर, अगदी पाहिजे तसा, तर्रीचा तवंग. वरची मोरी आणि खालचं बेसिन यांचा पाइप एकच, आणि घराच्या मागे तो जिथे वळतो तिथे सगळं अडकलं होतं. काकांनी प्लंबर बोलावला. त्याने वळणाचा तुकडा सोडवला आणि पालथा करून आपटला.

काही पडलं नाही.

पुन्हा आपटला. मग एक सळई घालून ढकलल्यावर आतून केशरी, घट्ट, पाइपाच्या आकाराचा एक लांबच लांब गोळा बाहेर आला. त्यात पोह्यांचा चुरा आणि एक कढीलिंबाचं पान रुतलेलं होतं.

सगळे वाकून पाहत होते. मॅडमनी बजावलं होतं की शरीरात असं होत नाही, वर्षानुवर्षं लागतात, भिंतीत थर साचतो. ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या गोळ्याकडे पाहता पाहता पहिल्या आजोबांनी हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग शेजारच्या आजींनी ठेवला. मी तोंड मिटलं.

"एका सकाळीत एवढं?" आजोबांनी विचारलं.

"एका कढईत," मी म्हणाले.

"हं." त्यांनी कानटोपी नीट केली. "ते हरभऱ्याचे पोहे उरलेत का अजून?"

उरले होते, सगळेच उरले होते. मंडळी बागेत परत आली आणि गार पोहे, वर गार रस्सा, खाली मान घालून खाल्ले. दुसरी प्लेट कुणी मागितली नाही, पण पहिली सगळ्यांनी संपवली. बाबा वाढत होते आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी काकांनी प्लेट खाली ठेवली.

"चव आहे," ते म्हणाले. "तर्री नसताना चव आहे, म्हणजे बाई स्वयंपाक जाणतात. दर रविवारचं ठरलं. मात्र माझ्या अटी आहेत. वनस्पती तूप बंद. तर्री साध्या तेलाची, आणि पातेल्यात नको, वेगळ्या वाटीत. माणशी एक चमचा. आणि हिला मोरीपासून लांब ठेवा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं. पण ते काकांना म्हणाले, "चमचा हिच्याच हातात द्या साहेब. ही एकाचे दोन होऊ द्याची नाई."

तसंच झालं. पुढच्या रविवारपासून बाबा पोहे वाढतात, आई रस्सा घालते आणि टेबलाच्या टोकाला मी तर्रीची वाटी घेऊन उभी. एकाला एक चमचा. आजोबा मंडळी कानटोप्या बदलून पुन्हा रांगेत येतात. मी ओळखते आणि परत पाठवते. "आमची सून परवडली," असं रांगेत बोललं जातं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता.

मग क्लबने सभासदांसाठी बागेतच रक्ततपासणी ठेवली. मी बाबांना हाताला धरून नेलं. रविवारच होता, सबब चालली नाही. "एकटा नाई देत रक्त," बाबा अडून बसले, म्हणून सोबतीला मीही दिलं.

पुढच्या रविवारी नाश्ता वाढत असतानाच अहवाल आले, सोबत डॉक्टरही. काकांनी क्लबसमोर एकेकाचं नाव घेऊन ते वाटले. बाबांचा अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. असंच चालू ठेवा. गाडी ढकलता ना रोज?" बाबांनी मान डोलावली. मग डॉक्टरांनी माझा कागद उचलला, पाहिला, वय पाहिलं, आणि पुन्हा पाहिला.

"तुम्ही काय खाता?" त्यांनी विचारलं.

आईच बोलली. "पातेलं पुसून खाते जी. लहानपणापासून. म्हणते, घासाले सोपं जाते."

आगाशेकाका हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि तेही कुणी सांगितलेलं नसताना. त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातली वाटी आणि चमचा काढून घेतला.

तेव्हापासून दर रविवारी तर्री काका वाढतात आणि मी प्लेट घेऊन रांगेत उभी असते. परवा माझी पाळी आली तेव्हा मी नुसतीच प्लेट पुढे केली. जरा आशेने पाहिलं.

"आपल्याला कोरडेच," काका म्हणाले. "पाइप एकदा उघडला. पुन्हा पुन्हा प्लंबर कोण बोलावणार?"